मदत हवी आहे: तगरीवरच्या ‘डोळेवाल्या’ अळीला पक्षी खरंच घाबरतात का?

नमस्कार मंडळी,
आमच्या अंगणातल्या तगरीवर बोटभर लांबीच्या हिरव्यागार अळ्या आल्या आहेत. शेपटीकडे पिवळसर, आखूड शिंग. फांदी जरा हलली की अळी डोकं आत ओढून घेते, मानेचा भाग टम्म फुगतो आणि तिथले दोन निळे-पांढरे, काळ्या काठाचे डोळे वटारल्यासारखे दिसतात.

शेजारच्या काकू म्हणतात, विषारी आहे, औषध मारून टाक. मला मारायच्या नाहीत, पण घरात रांगतं बाळ आहे, म्हणून खात्रीने सांगा. दुसरं, काल एक दयाळ पक्षी अगदी जवळ येऊन थबकला आणि अळी न घेताच उडाला. त्याला ती साप वाटली असेल का? शिवाय एक अळी तपकिरी पडून खोडावरून खाली उतरते आहे. आजारी आहे का ती?

प्रतिसाद:
ताई, औषध अजिबात मारू नका. ही डॅफ्निस नेरी नावाच्या हॉक मॉथची, म्हणजे पतंगाची अळी. कण्हेर आणि तगर हे तिचं आवडतं खाणं. ती डंख करत नाही, शिंगही निरुपद्रवी असतं. जपायचं ते झाडाच्या चिकापासून. बाळाच्या तोंडात पान जाऊ देऊ नका.

ते डोळे म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. खरे डोळे डोक्यावर असतात, अगदी बारीक, दोन्ही बाजूंना सहा-सहा. साप वाटण्याबद्दल म्हणाल, तर हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८६२ साली अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या अशाच एका अळीबद्दल लिहिलंय. ती पाहून गावातली माणसंसुद्धा घाबरली होती. पण हुबेहूब साप दिसायची गरजच नसावी. जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कोस्टा रिकातल्या अळ्यांवरून मांडलेलं म्हणणं मला पटतं: पानांत चोच घालणाऱ्या लहान पक्ष्यासमोर अचानक डोळा आला, तर तो कुणाचा हे तपासत बसणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून तो उपजतच आधी मागे सरतो. अळीला तेवढं पुरतं. अर्थात सगळ्या वाचत नाहीत, आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या या डोळ्यांना भीक घालत नाहीत.

तपकिरी अळी ठणठणीत असणार. कोष करायची वेळ आली की रंग असाच बदलतो. ती पालापाचोळ्यात शिरेल, तेव्हा झाडाखाली काही दिवस झाडू मारू नका.