इतवारीतली बंद पेढी: ती भयाण शांतता फोटोत कशी आणू?

महालची_मेघना: नागपूरच्या इतवारीत एका धान्य व्यापाऱ्याची जुनी दुमजली पेढी आहे. खाली दुकान, मागे कोठार, वर लाकडी सज्जा. बरीच वर्षं कुलूप आहे. संध्याकाळी समोरून गेलं की अंगावर काटा येतो, पण फोटोत नुसतं पडकं घर दिसतं. मालकांनी आत जायला परवानगी दिलीय. क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ मिमीची झूम लेन्स, ट्रायपॉड आहे. काय करू?

जुना_शटर: वेळ सांभाळ. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो. त्यानंतर थोडा वेळ आकाश निळं राहतं, दर्शनी भाग तेव्हाच घे. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल साधणारं सेटिंग) ऑटोवर नको, ४००० केल्विनला बांधून टाक, नाहीतर निळेपणा धुऊन जातो. अंधार वाढला की लेन्सचं छिद्र एफ ८, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १०० आणि शटर २०-३० सेकंद उघडं ठेव. चालती माणसं पुसली जातात, इतवारीची गल्लीसुद्धा ओस दिसते. गाडीचा दिवा आला की लेन्ससमोर काळा पुठ्ठा धर. आणि खालून कॅमेरा वर करू नकोस, भिंती मागे कलतात. समोरच्या कुणाच्या माडीवरून, कॅमेरा पातळीत ठेवून घे.

वाडावेडी: भुताटकीचे फिल्टर कृपा करून नकोत. थांबलेला धंदा दिसला की माणूस आपोआप गप्प होतो. गादी, गल्ला, तराजू, दारावरचं शुभ-लाभ, यांपैकी जे जागेवर असेल ते न हलवता टिप. एकच खिडकी उघड, उजेड तिच्यापुरता मोज, कोपरे काळेच राहू देत.

महालची_मेघना: वरचा मजला?

जुना_शटर: आधी भर दुपारी पाहून ये. भिंतीलगत चाल, तुळयांची टोकं तिथे टेकलेली असतात. तुळईचं टोक कुजलेलं दिसलं तर वर जाऊच नकोस. वटवाघळं असतील, मास्क लाव.

वाडावेडी: आणखी एक, हे मनापासून सांगते. दिवसाउजेडी साधे, सरळ फोटोही काढ. सज्जाचे खांब, लाकडाचे जोड, शेजारी मोजपट्टी ठेवून. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या एम्प्रेस मिल या आपल्या कापडगिरणीच्या जागी आज मॉल आहे. पेढीवर हातोडा पडला तर हेच फोटो कामी येतील. एक संच मालकांनाही दे.

जुना_शटर: एकटी जाऊ नकोस. रविवारी मी मोकळा आहे, टॉर्च घेऊन येतो.