नॅनोसस्पेन्शन वाळवल्यावर कण पुन्हा सुटे होत नाहीत

प्रश्न: सूक्ष्मदर्शी

एम.फार्म.च्या प्रकल्पासाठी मी फेनोफायब्रेट या रक्तातील चरबी कमी करणाऱ्या, पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या औषधाचे नॅनोसस्पेन्शन (नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यात तरंगवलेले मिश्रण) करत आहे. औषध 10 टक्के, कण सुटे ठेवणारा पॉलिमर पोलोक्झामर 188 दोन टक्के आणि थोडे सोडियम लॉरिल सल्फेट (साबणासारखा पदार्थ) हे मिश्रण झिर्कोनियाच्या मण्यांबरोबर दळले की डी-50 (आकारमानाने निम्मे कण ज्याहून लहान असतात तो आकार) सुमारे 220 नॅनोमीटर येतो आणि आठवडाभर तसाच राहतो. हेच सस्पेन्शन स्प्रे ड्रायरमध्ये, म्हणजे गरम हवेत फवारून, वाळवले (आत येणारी हवा 130 अंश, बाहेर पडणारी 72 अंश), तर निम्मी भुकटी सायक्लोनच्या (भुकटी गोळा करणाऱ्या भांड्याच्या) भिंतीला चिकटते आणि उरलेली पाण्यात टाकल्यावर डी-50 चार मायक्रॉनच्या घरात जातो. गोळी करायची असल्याने वाळवणे टाळता येत नाही. फ्रीझ ड्रायरकडे (गोठवून निर्वातात वाळवणाऱ्या यंत्राकडे) वळावे काय?

प्रतिसाद: खलबत्ता

यंत्र बदलण्याआधी 72 या आकड्याकडे पाहा. थेंबात पाणी असेपर्यंत बाष्पीभवनामुळे तो थंड राहतो; पण पाणी संपत आले की कणाचे तापमान बाहेर पडणाऱ्या हवेच्या जवळ पोहोचते. पोलोक्झामर 188 पन्नाशीच्या थोडे वरच वितळते आणि फेनोफायब्रेटचा स्वतःचा वितळणबिंदू 80 अंशांच्या आसपास आहे. म्हणजे कणांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी ज्याची योजना केली, तेच सायक्लोनमध्ये डिंकासारखे वागत आहे. बाहेरचे तापमान 45 ते 50 अंशांपर्यंत उतरवा. त्यासाठी द्रव आत सोडण्याचा वेग आणि आतल्या हवेचे तापमान दोन्ही जुळवावे लागतील. शक्य असल्यास पोलोक्झामरऐवजी कमी चिकटपणाच्या ग्रेडचे एचपीएमसी (सेल्युलोजपासून केलेला पॉलिमर) घेऊन दळून पाहा.

दुसरी उणीव मला अधिक मोठी वाटते, ती म्हणजे तुमच्या मिश्रणात कणांच्या मधोमध बसणारे, पाण्यात लगेच विरघळणारे काहीच नाही. सोडियम लॉरिल सल्फेट विद्युतभाराच्या अपकर्षणावर काम करते. पाणी आटते तसे क्षार दाटतात, ते अपकर्षण क्षीण होते आणि शेवटच्या पाण्याचा केशाकर्षणाचा ताण कणांना एकमेकांवर ओढतो. तिथे साखरेच्या जातीचा पदार्थ असेल, तर कण त्यात रुतून बसतात आणि पाणी मिळताच तो विरघळून त्यांना मोकळे करतो. बाजारातल्या ट्रायकॉर या फेनोफायब्रेटच्याच 145 मिलिग्रॅमच्या गोळीत एचपीएमसी आणि सोडियम लॉरिल सल्फेटबरोबर सुक्रोज व लॅक्टोज आहे, तर एमेंड या अॅप्रेपिटंटच्या (उलटी रोखणाऱ्या औषधाच्या) कॅप्सूलमध्ये सेल्युलोजच्या मण्यांबरोबर सुक्रोज आहे. ती साखर चवीसाठी घातलेली नाही. स्प्रे ड्रायरमध्ये मात्र सुक्रोज चिकटून त्रास देते. मॅनिटॉल वाळताना स्फटिकरूप होते आणि भुकटी मोकळी राहते, म्हणून औषधाच्या वजनाइतक्या मॅनिटॉलपासून सुरुवात करा.

145 मिलिग्रॅमच्या मात्रेला हे परवडते. मात्रा 500 मिलिग्रॅमची असती, तर एवढी साखर घालून रुग्णाला गिळता येईल अशी गोळी करणे कठीण झाले असते.

प्रतिसाद: हिमकण

फ्रीझ ड्रायिंग म्हणजे सौम्य, ही समजूत अर्धवट आहे. बर्फाचे स्फटिक वाढताना औषधाचे कण उरलेल्या द्रवाच्या चिंचोळ्या पट्ट्यांत दाबले जातात, त्यामुळे मुख्य इजा पाणी उडण्याआधी, गोठतानाच होते. दोन मिलिलिटर सस्पेन्शन गोठवून वितळवा आणि आकार मोजा. तिथेच बिघडले, तर पुढचे दोन दिवस यंत्र चालवणे व्यर्थ आहे. शिवाय तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधासाठी हा खर्च समर्थनीय ठरवणे अवघड जाते.

सूक्ष्मदर्शी

दोघांचेही आभार. एक शंका राहते. सोडियम लॉरिल सल्फेट असलेल्या माध्यमात ही चिकटलेली भुकटीसुद्धा पंधरा मिनिटांत 90 टक्क्यांहून अधिक विरघळली. मग कण सुटे होण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

प्रतिसाद: खलबत्ता

कारण ते माध्यम सगळ्यांनाच उत्तीर्ण करते. पृष्ठक्रियाकारक (इथे सोडियम लॉरिल सल्फेट) भरपूर असला की चार मायक्रॉन आणि 220 नॅनोमीटर यांतला फरक दिसेनासा होतो. जठरात तशी परिस्थिती नसते. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी अशाच विरघळण्याच्या आलेखावर विसंबून तीन महिने घालवले, आणि साध्या पाण्यात तपासल्यावरच कळले की भुकटी सुटी होतच नव्हती.

म्हणून आधी ही तपासणी करा: थोडी भुकटी साध्या पाण्यात टाकून नळी एक मिनिट हाताने उलटसुलट करा. सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणारे यंत्र) वापरू नका, कारण रुग्णाच्या पोटात तो नसतो. लेझर डिफ्रॅक्शनवर (कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) डी-50 बरोबर डी-90 (90 टक्के कण ज्याहून लहान असतात तो आकार) अवश्य पाहा; थोडेसेच गोळे झाले असतील, तर ते तिथे प्रथम दिसतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या नमुन्यात सुटे स्फटिक ओळखू येत नाहीत, पुंजके मात्र लगेच दिसतात. मिश्रणे निवडताना प्रत्येक वेळी ड्रायर चालवण्याचीही गरज नाही: काचपट्टीवर काही थेंब 40 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा भिजवा. सावकाश वाळणे स्प्रे ड्रायिंगपेक्षा कठोर असते, त्यामुळे इथे टिकलेले मिश्रण बहुधा ड्रायरमध्येही टिकते.

गोळी दाबल्यानंतर हीच पाण्याची तपासणी पुन्हा करा. दाब वाढला की साखरेचे पातळ थर तुटून औषधाचे कण एकमेकांना भिडतात, आणि भुकटीत साधलेले कधीकधी गोळीत हातचे जाते.