मदत हवी आहे : ओटीवरच्या नारंगी भिंतीतून पांढरं डोकावतंय

गुहागरजवळ जांभ्याचं जुनं घर. ओटीवर झोपाळ्यामागची एकच भिंत (१२ बाय ९ फूट) गडद नारंगी करतोय. पिकलेल्या सुपारीचा असतो ना, अगदी तो. बाकी भिंती पांढऱ्या, जमीन लाल कोब्याची.

पुट्टी, पांढरा प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात झाले, तरी रोलरच्या पट्ट्यांमधून पांढरं दिसतंच. पेंटर म्हणतो, अजून दोन हात मारू. दुकानदार म्हणतो, नारंगी-पिवळे रंग मुळात कमी झाकतात, प्रायमरच रंगीत घ्यायला हवा होता. (हे आधी सांगितलं असतं तर!) ओल किंवा पोपडे नाहीत, ते तपासलंय. दोन हातांमध्ये रात्रभर वाळू दिलं होतं. खरवडून पुन्हा करणं परवडणार नाही आणि गणपतीआधी ओटी मोकळी हवी.

शिवाय भिंतीवर संध्याकाळचं ऊन थेट येतं, पाचच्या सुमारास पांढरं छतही केशरी होतं. आईला ते आवडतं, माझ्या डोळ्यांत खुपतं.

तर आहे त्यावर फिकट नारंगी प्रायमर मारून एकच हात पुरेल, की सरळ तिसरा-चौथा हात द्यावा? आणि छताची झाक कमी करायला इमल्शन मॅट घेतलं तर फरक पडेल का?