कारवान जेवताना गुरगुरतो, शेपटी हलवत असतानाच दात लावले

माणदेशी_माळ (आटपाडी):
दीड वर्षाचा कारवान जातीचा कुत्रा आहे, नर. दिवसभर गोठ्याजवळ साखळीला, रात्री मोकळा. खायला दूध-भाकरी. ताटलीजवळ कोणी गेलं की गुरगुरतो. आज सकाळी सात वर्षांच्या पुतण्याच्या हाताला दात लागले, थोडं रक्त आलं. शेपटी हलत होती म्हणून पोरगं बिनधास्त गेलं. वडील म्हणतात, दोन फटके द्या. काय करावं?

कृष्णाकाठ (सांगली):
दादा, आधी पोराचं बघा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काही लावू नका. आजच सरकारी दवाखान्यात न्या, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवा, पण त्यासाठी पोराची लस थांबवू नका.

विटेकर:
फटका मुळीच नको. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेला इशारा. मारून तो बंद केला की पुढच्या वेळी थेट दात लागतात.

कमरेपासून सगळं अंग सैल डुलत असेल तर कुत्रा खूश. शेपटी ताठ वर, टोकच भराभर हलतंय आणि अंग आखडलेलं, तर तो ताणात आहे. गुरगुरण्याआधीही खुणा असतात: खाता खाता थिजणं, तोंड ताटलीत खुपसून भराभर गिळणं, मान न वळवता कडेने बघणं, तेव्हा डोळ्याचं पांढरं दिसतं. कोणी जवळ आल्यावर उगाच ओठ चाटणं, जांभई देणं, तोंड फिरवणं, हेही बऱ्याचदा 'लांब राहा' असंच असतं.

शिवार_वाई (सातारा):
मुलांना ताटलीपासून पूर्ण लांब ठेवा, सराव मोठ्या माणसानेच करायचा. तो सैल अंगाने खातोय तिथपर्यंतच जा, समजा १० फूट. तिथून उकडलेल्या, बिनहाडाच्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ताटलीकडे टाका आणि लगेच मागे फिरा. एका जेवणात असं ५-६ वेळा. तुम्ही येताना तो मान वर करून वाट बघू लागला, की पुढच्या दिवशी अर्धा फूट जवळ. थिजला तर दोन फूट मागे. बहुतेकांचं इथेच बिघडतं: घाई करतात, नाहीतर 'मालक कोण' ते दाखवायला ताटली काढून घेतात. मग माणूस आला की खाणं जातं, ही त्याची भीती खरीच ठरते.

माणदेशी_माळ:
पहाटे माळावर दमवला तर निवळेल का?

विटेकर:
पळणं हवंच, धावणारीच जात आहे. पण त्याने ताटलीची भीती जात नाही. साखळी आधी सोडवा. नको असलेल्या माणसापासून कुत्रा एरवी लांब सरकतो, बांधलेल्याला तेवढीही सोय नसते. कुंपण घातलेली जागा करा, खाणं तिथे एका कोपऱ्यात द्या. नुसत्या दूध-भाकरीवर त्याचं भागत नाही, रोज अंडं किंवा चिकन घाला. शिजवलेली हाडं मात्र नकोत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. आणि हे अलीकडेच सुरू झालं असेल तर पशुवैद्यकाकडून दात, कान, पोट तपासून घ्या. दुखणं असेल तर वरचा सराव त्यानंतरच.