बी विंगची घरपट्टी

कुलकर्णी (बी-404): सर्वांना नमस्कार 🙏 मिळकतकराची बिलं पाहिली का? शेजारच्या सोसायटीत माझ्याएवढाच फ्लॅट, त्याला 14 हजार. मला साडेतेवीस! ही लूट आहे. आपण सगळ्यांनी मिळून अपील करायचं. सह्यांचं पत्र मी तयार करतो.

पाटील (ए-201): माझी सही धरा.

पाठक (बी-502): माझीपण. आमच्या बिलात तर क्षेत्रफळच वाढलंय. मोजणीच पुन्हा करायला सांगू.

देशपांडे काका: बिलावर छापलेल्या मुदतीच्या आत भरा. सामान्य करात सवलत मिळते. उशीर झाला की महिन्याला 2 टक्के शास्ती.

शिंदे ताई (सेक्रेटरी): कुलकर्णी दादा, साडेतेवीसाचे चाळीस टक्के काढले की चौदाच उरतात. तुमची स्वतः राहण्याची सवलत लागलेली नाही. त्यासाठीचा पीटी-3 अर्ज भरला होता का?

कुलकर्णी: कसला पीटी? शाळेतला? 😀

शिंदे ताई: 2023 च्या नोव्हेंबरमध्ये मी इथे पाच वेळा टाकलं होतं.

पाटील: तेव्हा ग्रुपवर दिवाळीच्या लायटिंगवरून महाभारत चालू होतं, कोण वाचणार!

मोरे (ए-102): महाभारत कोणी सुरू केलं ते पण सांगा ना पाटील.

पाटील: विषय काय, तुमचं काय.

जोशी सर: थोडा इतिहास. पुण्यात ही 40 टक्क्यांची सवलत 1970 च्या ठरावापासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप आला आणि शासनाने ती काढली. मग ओरड झाली, 2023 मध्ये परत दिली, 1 एप्रिल 2023 पासून. पण ती आपोआप लागली नाही. ज्यांची सवलत गेली होती त्यांनी पीटी-3 अर्ज, 25 रुपये फी आणि राहत असल्याचा पुरावा द्यायचा होता. आमचं काम तेव्हाच झालं.

मोरे: सर, तुमचं सगळं तेव्हाच होतं 🙏

देशपांडे काका: आधी भरा, मग भांडा. महिन्याला 2 टक्के शास्ती.

कुलकर्णी: काका, वाचलं. मुद्दा तत्त्वाचा आहे. कोर्टात जाऊ.

ॲड. गोखले (ए-503): बोलू का? कोर्टात थेट जाता येत नाही. आधी लेखी हरकत, त्यावर सुनावणी. तो निकाल पटला नाही तर महापालिका कायद्याच्या कलम 406 खाली न्यायाधीशांपुढे अपील, तेही 15 दिवसांत. आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. शिवाय 404 चा प्रश्न अपिलाचा नाहीच, अर्जाचा आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

देशपांडे काका: हेच सांगतोय मी. आधी भरा.

पाठक: आणि मोजणी? ते तर अपिलातच येईल ना? महापालिकेच्या कर खात्यातल्या पेठ निरीक्षकांना बोलवा, टेप लावा.

मोरे: बोलवा बोलवा. पाचव्या मजल्यावर पत्र्याची शेड टाकून बेडरूम झालीये ती पण दाखवू.

पाठक: ती बेडरूम नाही. स्टोअर आहे.

मोरे: स्टोअरला एसी?

ॲड. गोखले: पाठक, करारनाम्यात टेरेस उघडी आहे. बंद केली म्हणूनच क्षेत्र वाढलं असणार. मोजणी मागाल तर बी विंगमधल्या सहा टेरेस एकाच दिवशी मोजल्या जातील.

(बी-402 ने मेसेज डिलीट केला)
(बी-302 ने मेसेज डिलीट केला)

पाठक: मोजणीचा मुद्दा सध्या बाजूला ठेवू. सही पण.

काकडे काकू: लिफ्ट परत बंद आहे. माझे गुडघे. आधी ती बघा कोणीतरी.

शिंदे ताई: काकू, मेकॅनिक चारला येतोय. बाकीच्यांसाठी: पीटी-3 बरोबर सोसायटीचं पत्र लागतं, की सभासद स्वतः राहतात. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही लागते. पत्र हवं असेल त्यांनी रविवारी 11 वाजता ऑफिसात या. जे राहतात त्यांनाच मिळेल.

मोरे: मग 404 चं कसं? तिथे तर आयटीची चार पोरं राहतात. रात्री दोनला भांडी आपटतात.

कुलकर्णी: ती माझ्या मेव्हण्याची पोरं आहेत.

मोरे: चौघंही? एक तर आसामचा आहे.

पाटील: 😂😂😂

कुलकर्णी: मोरे, हे वैयक्तिक होतंय. मी सगळ्यांच्या भल्यासाठी विषय काढला होता.

जोशी सर: भाड्याने दिलेल्या घराला सवलत नसते. हे 2023 मध्येच स्पष्ट होतं.

कुलकर्णी: सर, धन्यवाद.

कुलकर्णी: शिंदे ताई, पत्राबद्दल जरा फोनवर बोलू का?

शिंदे ताई: इथेच बोला दादा. सगळे आहेत.

देशपांडे काका: मुदतीच्या आत भरा. नंतर महिन्याला 2 टक्के शास्ती.

काकडे काकू: साडेचार झाले. मेकॅनिक कुठाय?