मदत हवी आहे: उंदराच्या पेशी गुलाबी, माणसाच्या पेशी कोऱ्या, चुकतंय कुठे?

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करतेय. विषय मेंदूतल्या मायक्रोग्लिया (मेंदूच्या संरक्षक पेशी) आणि दाह. पंधरा दिवस एकाच जागी अडकलेय.

उंदराच्या बीव्ही-२ पेशींना (लॅबमध्ये वाढवलेल्या मायक्रोग्लिया) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली एलपीएस (दाह सुरू करणारा जिवाणूंच्या आवरणातला घटक) दिलं, २४ तासांनी वरचा मीडिया (पोषक द्रव) काढून त्यात नायट्राइट असलं तर गुलाबी होणारं ग्रीस रीएजंट घातलं. दहा मिनिटांत प्लेटमधल्या वेल्स गुलाबाच्या सरबतासारख्या झाल्या. ५४० नॅनोमीटरला वाचलं तर नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइडपासून उरणारा पदार्थ) २० मायक्रोमोलरच्या वर. आयएनओएस (नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर) रोखणारं १४००डब्ल्यू घातलेल्या वेल्समध्ये रंग जवळपास नाहीच, म्हणजे हे काम आयएनओएसचंच. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम: एलपीएस पेशीवरच्या टीएलआर४ या ग्राहकावर बसतं, जनुकं चालू करणारा एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जातो, आयएनओएस तयार होतं आणि आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड काढत राहतं. चेतापेशींतलं तसलंच विकर, एनओएस, कॅल्शियम वाढलं की तेवढ्यापुरतं चालतं, हे मात्र तासन्‌तास थांबत नाही.

मग मानवी मायक्रोग्लिया, एचएमसी३, घेतल्या. एलपीएसची तीच बाटली, तोच डोस, तीच प्लेट. रंग शून्य! ४८ तास ठेवलं, डोस दहापट केला, तरी ब्लँक कुठला आणि नमुना कुठला ते डोळ्यांनी सांगता येईना. मीडियात रंग आणणारं फिनॉल रेड नाही, स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या नायट्राइटची मोजपट्टी) सरळ आहे. सर म्हणतात एलपीएस खराब झालंय. शेजारच्या ओळीतला गुलाबी रंग दोनदा दाखवला, उत्तर एकच, "परत कर." (शनिवारी लाइट गेली होती, पण इन्क्युबेटर यूपीएसवर आहे.)

मानवी पेशी नायट्रिक ऑक्साइड कमीच करतात का? आणि रंग नाही म्हणजे दाहच नाही, असं लिहायचं का?

प्रतिसाद १:
अगं, परत तेच करू नकोस. उंदराच्या मायक्रोग्लिया एलपीएसवर भरपूर नायट्रिक ऑक्साइड (एनओ) सोडतात, माणसाच्या फारच थोडा, बऱ्याचदा ग्रीसला कळण्याइतकाही नाही. माणसात आयएनओएस चांगलं दिसतं ते अॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींमध्ये, तेही आयएल-१ बीटा आणि इंटरफेरॉन गॅमा हे दाहाचे संदेशरेणू एकत्र दिल्यावर.
आधी एचएमसी३च्या मीडियात १० मायक्रोमोलर नायट्राइट स्वतः घालून बघ. रंग आला तर पद्धतीत खोट नाही. मग एलपीएस दिलेल्या त्याच नमुन्यांवर आयएल-६ (दाहाचा आणखी एक संदेशरेणू) मोजणारी एलायझा चाचणी. ते वाढलं असेल तर दाह आहे, एनओ नाही, आणि लिहायचं तेवढंच. तेही हललं नाही तर या पेशी एलपीएसला दाद देत नाहीत, आयएल-१ बीटा देऊन बघ. आणि ग्रीसला फक्त नायट्राइट दिसतं. एनओची सुपरऑक्साइडशी गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट होतं, त्यातलं बरंचसं शेवटी नायट्रेट. ते निसटतं.

धागाकर्ती:
मीडियाचे उरलेले नमुने उणे ८०ला ठेवलेत, टाकले नाहीत! एलायझा किट शेजारच्या लॅबकडे मागावं लागेल. उद्या बाकरवडी घेऊनच जाते.