मदत हवी आहे : भरडधान्ये घरात कोणाच्याच घशाखाली उतरत नाहीत

शमिका_डोंबिवली

नमस्कार. यजमानांची तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ७.४ आल्यामुळे आहारतज्ज्ञ बाईंनी एका वेळचे भात-पोळी बंद करून भरडधान्ये सुरू करायला सांगितले आहे. गेल्या पंधरा दिवसांत मी चार प्रकार करून पाहिले आणि चारही फसले. भाकरी कडू लागते, भात एक तर गिजगोळा होतो नाहीतर दाताखाली कचकचतो, आणि आंबिलाचा वास आला की धाकटी नाक धरून ताटावरून उठते. यजमान पहिला घास घेतात, माझ्याकडे पाहतात आणि पाण्याचा पेला उचलतात. "आईच्या हातची भाकरी कधी कडू लागली नाही" हे वाक्य या आठवड्यात मी तीनदा ऐकले आहे. भरडधान्ये चांगली की वाईट हा वाद कृपया येथे नको. कडवटपणा कसा घालवायचा आणि भात मोकळा कसा करायचा, एवढेच सांगावे. उद्या संध्याकाळी पुन्हा करायचे आहे, म्हणून घाई.

कोरा_चहा

ताई, भाकरी कशाची आणि भात कशाचा, हे आपण कुठेच लिहिलेले नाही. "भरडधान्य" या एका शब्दात ज्वारीपासून कोद्र्यापर्यंत सगळे येते आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. धान्य घरी आणून दळले की तयार पीठ घेतले, हेही सांगावे.

मालदांडी

एवढ्या खटाटोपाची गरजच काय? ज्वारी हेसुद्धा भरडधान्यच आहे. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगाच नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केल्यापासून शहरातल्या दुकानांत नवनवीन नावांच्या पिशव्या आल्या आणि लोक घरची ज्वारी विसरले. ज्वारीची भाकरी करा, प्रश्न मिटेल.

हिशेबी_आहार

मालदांडी, धागाकर्तीने भाकरी कडू का लागते हे विचारले आहे, कोणते धान्य श्रेष्ठ हे नव्हे. मात्र एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. भरडधान्यांत उष्मांक तांदळापेक्षा फारसे कमी नसतात. फायदा होतो तो त्यांतल्या तंतूंमुळे, आणि तोही धान्य अख्खे किंवा जाडसर राहिले तर. नाचणीचे अगदी बारीक पीठ पातळ शिजवून वाटीभर प्यायले, तर साखर बऱ्यापैकी वेगाने चढू शकते. त्यामुळे आंबील धाकटीला आवडले नाही याचे फार वाईट वाटून घेऊ नये. यजमानांसाठीही तो पहिला पर्याय नव्हे.

शमिका_डोंबिवली

ज्वारीची भाकरी आम्ही खातोच, त्यात विचारण्यासारखे काही नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी "फक्त ज्वारीवर थांबू नका, बदलून बदलून खा" असे सांगितले आहे. भाकरी बाजरीची होती, भात एकदा राळ्याचा आणि एकदा वरईचा (भगरीचा) केला, आंबील नाचणीचे होते. राळा कुकरमध्ये लावला, तांदळाला घालतो तेवढेच पाणी घातले आणि तीन शिट्ट्या केल्या. आता कृपया उत्तर द्यावे.

आजीचा_तवा

राळ्याबद्दल मी सांगते, कारण आमच्याकडे कोल्हापुरात भोगीला बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणि राळ्याचा भात हा बेत ठरलेला असतो. एरवी वर्षभर राळ्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. आता मात्र मी महिन्यातून तीन-चारदा करते. आपल्या भातात कचकच येते ती धान्याची नव्हे, बारीक खड्यांची. राळ्याचा दाणा मोहरीएवढा असल्यामुळे खडे निवडून सापडत नाहीत, तो रोळावाच लागतो. पसरट भांड्यात भरपूर पाणी घेऊन दाणे हाताने फिरवावेत, वर आलेला राळा पाण्यासकट हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतावा, आणि असे चार वेळा करून तळाशी राहिलेला चमचाभर गाळ टाकून द्यावा. मग अर्धा-पाऊण तास भिजवावा. कुकर बाजूला ठेवावा. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तुपावर निथळलेला राळा दोन मिनिटे परतावा, वाटीला दोन वाट्या आधणाचे पाणी घालावे, झाकण ठेवून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवावा, आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उचलू नये. या शेवटच्या दहा मिनिटांत दाणा सुटा होतो. लगेच डाव घातला तर गिजगोळा ठरलेला.

पणजीकार

नाचणीला नावे ठेवू नका. आमच्याकडे नाचण्याचे तिजान करतात. नाचणे भिजवून वाटायचे, गाळून सत्त्व काढायचे, त्यात नारळाचा रस आणि गूळ घालून सतत ढवळत शिजवायचे. वास अजिबात येत नाही आणि मुले वाटी चाटूनपुसून खातात. कॅल्शियमही भरपूर मिळते, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम.

हिशेबी_आहार

साखरेच्या रुग्णाला गूळ आणि नारळाचा रस? धाकटीसाठी उत्तम, पण प्रश्न यजमानांचा आहे.

पणजीकार

धाकटी उठून जाते असे त्यांनीच लिहिले आहे. मी धाकटीबद्दलच बोलत होतो.

गावरान_वैद्य

मुळात पावसाळ्यात बाजरी खाणेच चुकीचे आहे. बाजरी उष्ण असते, ती थंडीत तिळाच्या कुटाबरोबर आणि लोण्याबरोबर खायची असते. शिवाय घरात कोणाला थायरॉईडचा त्रास आहे का? बाजरीतील काही घटक आयोडीनच्या कामात अडथळा आणतात. आधी तपासण्या करून घ्याव्यात.

मालदांडी

थायरॉईडचे कोणी विचारले होते? बाजरीच्या पट्ट्यात लोक पिढ्यान् पिढ्या रोज बाजरी खातात, पावसाळ्यातही.

गावरान_वैद्य

रोज खाणाऱ्यांबद्दलच मी सांगतो आहे. आठवड्यातून दोनदा खाल्ल्याने काही होत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

कोरा_चहा

माझा दुसरा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. बाजरीचे पीठ कुठून आले आणि ते केव्हा दळलेले आहे?

शमिका_डोंबिवली

त्याचा इथे काय संबंध, ते कळले नाही. पीठ विकतचे नाही. सासूबाईंनी गावाकडून घरच्या बाजरीचे पाच किलो पीठ दळून पाठवले होते, मे महिन्याच्या सुरुवातीला. स्टीलच्या डब्यात घट्ट झाकणाखाली ठेवले आहे, कीड नाही, जाळी नाही. म्हणूनच माझ्या हातात काही चूक होत असावी असे वाटते. कोमट पाण्यात मळले, खूप मळले, तरी कडूच.

कोरा_चहा

संबंध आहे, आणि सगळा संबंध त्यातच आहे. आज जुलैचा दुसरा आठवडा चालू आहे, म्हणजे पीठ दोन महिन्यांचे झाले. बाजरीत शेकडा पाचच्या आसपास स्निग्धांश असतो, गहू किंवा ज्वारीपेक्षा बराच जास्त. दाणा अख्खा असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. दळला की दाण्यातीलच पाचकद्रव्ये त्या तेलाचे विघटन करू लागतात, पीठ खवट होते आणि कडू लागते; दमट हवेत हे आठवडाभरातही जाणवते. डबा कितीही घट्ट असला तरी हे थांबत नाही, कारण त्याचे मूळ पिठाच्या आतच आहे. आपले मळणे, पाणी किंवा तवा यांचा यात काडीचाही दोष नाही. सासूबाईंची भाकरी कडू लागत नसे, कारण गावात बाजरी चार दिवसांपुरतीच दळली जाते.

खात्री करायची असेल तर चिमूटभर कोरे पीठ जिभेवर ठेवून पाहावे.

आजीचा_तवा

बरोबर. माझी आजी बाजरीचा डबा वेगळा ठेवायची आणि "आज दळलं, उद्या संपवलं" म्हणायची. आम्हाला तेव्हा ती गिरणीच्या फेऱ्या वाढवते असे वाटायचे.

गावरान_वैद्य

पीठ उन्हात ठेवून मंद भाजून घेतले तर कडवटपणा कमी होईल.

हिशेबी_आहार

खवट झालेले पीठ भाजून खाण्याचा सल्ला कृपया देऊ नये. भगरीच्या जुन्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत मराठवाड्यातून अधूनमधून येतात. तिथे कारण बुरशीचे असते, इथे तेलाचे, पण दमट दिवसांत जुने पीठ वापरू नये हा नियम दोन्हीकडे एकच. धान्य भाजायचेच असेल तर दळण्याआधी भाजावे, त्याने पीठ थोडे जास्त टिकते.

शमिका_डोंबिवली

चार दिवसांनी लिहिते आहे. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले आणि उत्तर तिथेच मिळाले. यजमानांच्या जिभेवरही ठेवले, त्यामुळे आईच्या हातच्या भाकरीचा विषय तूर्त बंद आहे. किलोभर बाजरी आणून निम्मी दळली. भाकरी गोडसर लागली, यजमानांनी दीड खाल्ली आणि पाण्याचा पेला मागितला नाही. राळा आजीचा_तवा यांच्या पद्धतीने रोळला तेव्हा तळाशी राहिलेली वाळू पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. भात मात्र असा सुटा झाला की ताकाबरोबर सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतला. वरई उपवासाची म्हणून ओळखीची होती, तरी जेवणात ती कोणालाच आवडली नाही. तिजान धाकटीने खाल्ले. नाचणी मला स्वतःला, ताजी असो वा शिळी, कोणत्याही रूपात आवडत नाही असे पक्के कळले आहे, आणि ती मी यापुढे फक्त इतरांसाठी करणार आहे.

पणजीकार

नारळाचा रस घालून पाहिले नसेल.

शमिका_डोंबिवली

पाहिले. तरी नाही.

मालदांडी

आणि त्या पाच किलो पिठाचे काय केलेत?

शमिका_डोंबिवली

उरलेले साडेतीन किलो टाकून दिले. सासूबाईंना अजून सांगितलेले नाही. काल फोनवर त्यांनी विचारले, "पीठ संपत आलं असेल, दुसरं पाठवू का?"